खिंडीत न फुटलेला नारळ

अलिबागजवळच्या कार्ल्याच्या खिंडीत, मधल्या वळणावर, एक आकाशी रंगाची जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि एक चष्मेवाला तरुण बोलत होता. मोबाइलवर नव्हे, गाडीशीच. "बाई गं, आजच्या दिवस तरी…" असं काहीतरी.

तेजस्वीनं स्कूटर थांबवली. पोयनाडहून सामान घेऊन ती आपल्या गॅरेजला निघाली होती आणि आधीच उशीर झाला होता. पण उघडं बॉनेट दिसलं की तिला पुढे जाववतच नसे, त्याला ती तरी काय करणार!

"काय होतंय हिला?"

तो दचकून वळला. "घरून छान निघते. अर्ध्या तासानं झटके द्यायला लागते आणि चढ आला की जीवच टाकते. कितीही दाबा, ओढतच नाही." मग त्याचं लक्ष तिच्या हातातल्या पान्यांच्या पिशवीकडे गेलं. "तुम्हाला… कळतं यातलं?"

"थोडंफार. तुम्हाला?"

"मी शाळेत इतिहास शिकवतो."

"तरीच एवढी जुनी गाडी."

मागच्या सीटवर कुणीतरी खुदकन हसलं. काठाची साडी नेसलेल्या एक बाई मांडीवर सोललेला नारळ घेऊन बसल्या होत्या. त्या दुर्गाकाकू, आणि बोलणारा त्यांचा मुलगा अजेय. नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. गाडी अजेयच्या वडिलांची. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. पेणला नेऊन गाडीचं पासिंग करायचं होतं आणि खिंड ओलांडल्याशिवाय पेण येत नाही. मागच्या वेळीही ती इथेच अडली होती.

"खिंडीतल्या देवाला बोलले आहे मी," काकू म्हणाल्या, "गाडी पार झाली की नारळ फोडीन. पण पार होईल तर ना! आता गुरुवारची तारीख शेवटची. तेव्हाही नाही पोचली, तर भंगारवाल्याला हो म्हणून टाकायचं ठरवलंय मी." हे त्यांनी हसत सांगितलं, पण त्यांचा हात सीटच्या कव्हरवरून फिरत राहिला. ते कव्हर नवऱ्यानं हौसेनं शिवून घेतलेलं होतं.

तेजस्वीनं ते पाहिलं आणि बाह्या सरसावल्या.

तीन मेकॅनिक आधी होऊन गेले होते. प्लग बदलले होते, कॉइल नवी होती, कार्बोरेटर धुऊन झाला होता. तिनं डेल्को उघडला. चारही प्लगना पाळीपाळीनं ठिणगी पोचवणारा तो काळा डबा. त्याच्या आतले इवलेसे पॉइंट तेलकट काजळीनं माखले होते. तिनं ते घासून पुसून लख्ख केले. गाडी एका चावीत सुरू झाली. पण आता उशीर झाला होता, आजची तारीख हुकलीच होती.

"गुरुवारी बिनधास्त जा," ती ऐटीत म्हणाली. "आता बंद पडली तर नाव बदलीन!"

"कशाला?" अजेय चष्मा पुसत म्हणाला, "चांगलं आहे की नाव…"

घरी जाताना स्कूटर उगाचच हळू चालवली तिनं.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, दोघं चाचणीला निघाली. जानेवारीची थंडी, काचेवर दव, थर्मासात आल्याचा चहा. अजेय गाडी चालवत होता आणि ती कान देऊन इंजिन ऐकत होती. निदान तसं दाखवत तरी होती.

"इतकं काय ऐकता?"

"चारही सिलिंडर नीट बोलतायत का ते. चौघांतला एखादा गप्प बसला की कळतं."

"माणसांचंही कळतं का असं? म्हणजे… गप्प बसलेल्या?"

ती उत्तर देणार, तोच पहिला झटका बसला. मग दुसरा. खिंडीच्या मधल्या वळणावर गाडीनं मान टाकली. अगदी त्याच जागी!

तेजस्वीचं तोंड उतरलं. गावातली माणसं तिला कौतुकानं पाहायची, पण गाडी मात्र दुसऱ्याकडे द्यायची. आज तिला वाटलं, त्यांचंच खरं असावं. अजेय मात्र थर्मास उघडून बसला होता.

"नाव काय ठेवायचं मग?" त्यानं हळूच विचारलं.

तिला रडूही येत होतं आणि हसूही. शेवटी हसूच आलं. चहा संपल्यावर दोघांनी मिळून गाडी वळवली आणि उतारावरून परत आणली. निघण्याआधी तिनं डेल्को उघडून पाहिला होता, आणि वाटेत तिच्या मनात एकच होतं. काल पुसलेले पॉइंट आज पुन्हा काळे कसे?

तिचे वडील भागोजी एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. संध्याकाळी तिनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावता लावता ऐकून घेतलं.

"तू गाडीला इचारतेस, पोरी. गाडीवाल्याला इचारलंस का, तो तिला काय काय करतो?"

"मास्तर हाय तो, बाबा. तो काय करनार?"

"मंग जाऊन बघ ना. न्हायतरी तुला जायाचंच हाय."

बुधवारी उजाडता उजाडता ती नागावला पोचली. वाडीत अजून धुकं होतं, न्हाणीघराबाहेर बंब पेटलेला होता आणि बंबाशेजारी एक वाटी ठेवलेली होती. घरच्या घाण्याचं खोबरेल, थंडीनं थिजलेलं, ते पातळ व्हायला ठेवलेलं. अजेय त्यात कोंबडीचं पीस बुडवून कड्या, बिजागऱ्या, कुलपं यांना हलकेच तेल लावत होता. खाऱ्या वाऱ्याच्या गावात हे घरोघरी चालतं. ती नारळाच्या झापांच्या कुडाआड उभी राहून बघत होती. किती मन लावून करतो हा!

मग त्यानं गाडीच्या बिजागऱ्यांना तेल लावलं. मग बॉनेट उघडलं. मग डेल्कोचं झाकण काढलं आणि पीस आत घातलं.

"थांबा!"

वाटी त्याच्या हातातून निसटली आणि तेल त्याच्या पायजम्यावर सांडलं.

"हे कधीपासून करताय?"

"दिवाळीपासून… एका मेकॅनिकनं तिथे थेंबभर तेल सोडलं होतं. मी पाहिलं. म्हटलं, थेंबानं काय होतंय, बाबांची गाडी आहे… रोज लावतो."

ती मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं त्याला समजावलं. थंडीत हे तेल लगेच थिजतं, जिथल्या तिथे राहतं, म्हणून गाडी घरून गुणी बाळासारखी निघते. अर्ध्या तासात इंजिन तापतं, तेल वितळतं, डेल्कोच्या गरगरण्यानं पॉइंटवर उडतं आणि तिथे जळतं. ठिणगी तुटते, गाडी झटके देते. अर्धा तास म्हणजे नागावहून नेमकी खिंड.

अजेय मात्र हसला नाही. "म्हणजे… बाबांची गाडी मीच भंगारात घालायला निघालो होतो."

त्याचा आवाज इतका खाली गेला की तिचं हसणं थांबलं. तिला त्याचा हात धरावासा वाटला, आणि तिनं तो धरला. तेलकट होता.

"एवढी माया मी कुणाला गाडीवर करताना पाहिली नाही. फक्त चुकीच्या जागी करत होतात."

"मग… बरोबर जागा कुठली?"

तिनं घाईनं हात सोडवला आणि उगाचच पाना शोधायला लागली. पाना तिच्या मांडीवरच होता.

दिवसभर बसून तिनं डेल्को पेट्रोलनं धुतला, नवे पॉइंट बसवले, फट मोजून लावली. पाहिजे तिथे एकच थेंब तेल सोडला, तोही इंजिनाच्या तेलाचा.

गुरुवारी ती स्वतः चालवायला बसली. शेजारी अजेय, मागे नारळ घेऊन काकू. अलिबाग मागे पडलं. खिंडीचा चढ लागला तसा काकूंनी नारळ छातीशी धरला. पहिलं वळण. अजेयनं डोळे मिटून घेतले. मधलं वळण आलं, तेजस्वीनं गिअर टाकला, पाय दाबला… आणि गाडी वर चढली! न अडखळता, न कुरकुरता. पुढच्या उसाच्या रसवाल्याच्या टेम्पोला तिनं सरळ मागे टाकलं. काकूंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. तेजस्वी मोठ्यानं ओरडलीच, "कोण म्हणतं हिला भंगार!"

पेणला पासिंग झालं. तपासणाऱ्यानं इंजिन ऐकून विचारलं, "कुणी केलंय काम?" अजेय छाती फुगवून म्हणाला, "यांनी." त्या एका शब्दात केवढा अभिमान होता! तेजस्वीला समोरचा फॉर्म धड दिसेना.

परतताना खिंडीत काकूंनी गाडी थांबवायला लावली. नारळ घेऊन त्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी गेल्या. गाडीत दोघंच उरली. इंजिन चालूच होतं.

"आता ही बिघडणार नाही म्हणता," अजेय म्हणाला, "मग मी… तुमच्याकडे यायचं कशाला?"

"कुणी सांगितलं, गाडी बिघडली तरच यायचं?"

"तेजस्वी… मला तू आवडतेस. सोमवारपासून. अगदी त्या इतिहासाच्या टोमण्यापासून."

"'तू' आत्ता आलं होय?" ती म्हणाली. "मी मंगळवारपासूनच म्हणत होते. मनात."

काच वाजली. काकू बाहेर उभ्या होत्या, बोटाला कुंकू, हातात नारळ. अख्खा.

"फोडला नाहीत?" तेजस्वी खाली उतरली.

"देवापुढे ठेवला. म्हटलं, गाडी पार केली या पोरीनं आणि नारळ तुला? तोही कबूल झाला असावा. कर ओटी पुढे."

तेजस्वीच्या अंगात गॅरेजचा काळा डाग पडलेला शर्ट होता. पदर कुठला! तिनं अजेयकडे पाहिलं. तो चष्म्याआडून नुसता हसत होता, तेलाच्या वाटीवर वाकलेला असायचा तसाच मन लावून बघत. तिनं शर्टाची पुढची दोन्ही टोकं पकडली आणि झोळी पसरली. काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावून नारळ तीत ठेवला.

मागे इंजिन अजून चालू होतं. चौघंही एका लयीत बोलत होते, आणि कुणीही गप्प बसलं नव्हतं.