खंडेनवमीचा पाना

खंडेनवमीला आमच्या जिंतुरात गॅरेज उघडं सापडायचं नाही. पाने, हातोडे, जॅक हळद-कुंकू लावून पाटावर बसतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मला हे थोतांड वाटायचं, पण बायकोपुढं बोलायची सोय नव्हती. म्हणून येलदरी धरणावरून नाववाल्या आश्रुबाचा फोन आला, तेव्हा मी हत्यारांशिवाय, हात हलवतच गेलो.

"इंजन लय ठोकायलंय, मिस्त्री. समदे म्हणायलेत बेअरिंग गेलं," आश्रुबा नावेपाशीच म्हणाला. "उद्या शिवकन्येला पल्याड सासरी सोडायचंय. हीच एक लेक ऱ्हायलीय मला."

त्याची लेक शिवकन्या काठावर उभी होती. सातवा महिना. तिचा भाऊ महारुद्र ही नाव चालवायचा. गेल्या वर्षी मधल्या पाण्यात बुडाला, तो हाती लागलाच नाही.

बेअरिंगची उगाच बदनामी झाली होती. इंजिन बंद करून मी फ्लायव्हील, म्हणजे ते बाहेरचं जड चाक, दोन्ही हातांनी हलवलं. खट. ते धरणारे चारही बोल्ट ढिले. पाच मिनिटांचं काम, पण पाना हवा होता.

काठावरच्या खोलीत जाळं, जुनी वल्ही आणि महारुद्रचा पाना पूजेला मांडला होता.

"आज नगं, मिस्त्री," आश्रुबा म्हणाला.

"लोखंडाला कसली आलीय सुट्टी?"

"दादा आजच्या दिवशी कुणाला हात लावू द्यायचा न्हाई," शिवकन्या हळूच म्हणाली.

मी पाना उचलला, पँटला पुसला आणि बोल्ट आवळले. शिवकन्येची नेलपॉलिश मागून घेतली. प्रत्येक बोल्टपासून चाकापर्यंत एक रेघ ओढली. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटते, चोरी लगेच कळते. शिवकन्येनं पाना परत पाटावर ठेवला, नवं हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

मग आम्ही तिघं चाचणीला निघालो. तिची भीती मोडावी म्हणून मीच तिला नावेत बसवलं. ऊन रखरखत होतं. इंजिन झकास चाललं होतं आणि मी मिशीत हसत होतो.

मधल्या पाण्यात आवाज आला. खट. खट.

"हितंच महारुद्र..." आश्रुबा म्हणाला.

मी इंजिन बंद केलं. चारही रेघा तुटलेल्या. चारही बोल्ट सारखेच फिरलेले. त्यांच्या डोक्यांवर ओली हळद होती.

नावेत पाना नव्हता. मी घाबरलो, खरंच घाबरलो.

खट.

इंजिन तर बंद होतं. आवाज पायाखालच्या फळीतून आला. खालून.

आश्रुबानं नावेतलं वल्हं उचललं.

शिवकन्येनं पोटावर दोन्ही हात धरले.

"दादा, मी न्हाई यायची तुझ्यासंगं," ती म्हणाली.

आवाज थांबला.

आम्ही वल्हवत काठाला आलो. उद्या जीपनं, सडकेनंच पाठवतो, एवढं आश्रुबा उतरताना म्हणाला.

शिवकन्येनं कुलूप काढलं. पाना पाटावर तसाच होता. वरचं झेंडूचं फूल कोरडं होतं. मी ते उचललं. खालच्या पान्यावरची हळद धुऊन गेली होती, आणि पान्यावरून अजून पाणी गळत होतं.