कपाशीतला मोकळा तुकडा

चारुदत्तचं काम अर्ध्या तासाचं होतं. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या नकाशे करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. २००६च्या सप्टेंबरात कंपनीनं त्याला दोन तासांवरच्या एका कापूस पिकवणाऱ्या वस्तीत पाठवलं. वस्ती कसली, एक चर्च आणि दहाबारा घरं. तिथल्या शेतात गोदाम उभं राहणार होतं आणि विमानातून काढलेल्या फोटोत कपाशीच्या मधोमध एक मोकळा तुकडा दिसत होता. तो काय आहे ते बघायचं, फॉर्म भरायचा, परतायचं.

तुकड्यात फुटके कप, शिंपले, बाटल्या, एक बंद पडलेलं घड्याळ. चारुदत्तनं नाक मुरडलं, हातातल्या यंत्रावर ‘कचरा’ असं लिहिलं आणि फॉर्म पाठवूनही दिला.

“काय लिहिलंत?”

मागे एक म्हातारी काळी बाई उभी होती. लोरीन, चर्चजवळच राहणारी. तिनं पडद्यावरचा शब्द वाचला. ती रागावली नाही, हेच वाईट झालं.

“ही आमची माणसं आहेत,” ती हळू आवाजात म्हणाली. “जन्मभर दुसऱ्याच्या शेतात लांब गोणी ओढत कापूस वेचला. थडग्याला दगड कुठून आणणार? मग माणसानं शेवटी वापरलेली वस्तू फोडून वर ठेवायची. तो निळा कप माझ्या आईचा... इथं माणसं आहेत, एवढं लिहा.”

“ऑफिसात जाऊन बदलतो,” चारुदत्त म्हणाला. तेव्हा ते त्याच्या मनात खरंच होतं.

ऑफिसात त्याचा बॉस अमित म्हणाला, “यार, रिपोर्ट क्लायंटकडे गेलाय. आता चेंज केलास तर डिले तुझ्या नावावर. तुझं ग्रीन कार्ड फाइल होतंय ना?”

चारुदत्तनं ‘कचरा’ तसाच राहू दिला. आपण असेच गप्प बसतो आणि वर त्याला समंजसपणा म्हणतो.

वर्षभरानं गोदाम उभं राहिलं. शेवटची मोजणी करायला पुन्हा त्यालाच पाठवलं. भर दुपार होती.

“मधल्या पट्ट्यात आम्ही कुणी जात नाही,” पहारेकरी म्हणाला.

“का?”

“का ते नाही माहीत... जात नाही.”

तो पट्टा बरोबर त्या मोकळ्या तुकड्यावर आला होता. चारुदत्त टेप घेऊन गेला. बंद गोदामात तापलेल्या मातीचा वास येत होता. तो वाकून मोजू लागला, तोच शेजारून लांब गोणी फरफटत नेल्यासारखा आवाज आला. मग दुसऱ्या बाजूनं. मग सगळीकडून, सावकाश, त्याच्या बरोबरीनं... पहारेकऱ्यानं हाक मारली तेव्हा चार तास उलटले होते आणि तो अजून वाकलेलाच होता.

फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता: जागेबद्दल काही सांगायचंय? आता लिहिता आलं असतं. त्यानं लिहिलं, ‘काही नाही’.

रात्री जेवताना अहिल्यानं, त्याच्या बायकोनं, त्याचा हात धरला. ती वर्ध्याकडची, कपाशीच्या शेतात वाढलेली. त्याच्या बोटांची टोकं फाटली होती, नखांच्या कडेनं रक्त सुकलं होतं.

“कापूस वेचलास?”

“वेडी आहेस का? दिवसभर गोदामात होतो.”

तिनं हात उलटून दिव्याखाली धरला. तळव्यावरच्या जाड घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

“बोंडांची टोकं लागून आईचे हात असेच व्हायचे,” ती म्हणाली. “पण चारू, हे घट्टे एका दिवसाचे नाहीत रे... पन्नास-साठ वर्षांचे आहेत.”