मंगळाच्या विरोधातला रेवणसिद्ध

"आणि म्हणून मित्रहो, माणसानं मंगळावर वस्ती केलीच पाहिजे!"

जळकोट-लातूर गाडीत खिडकीकडं तोंड करून शिवकांता भाषण घोकत होती. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "तिथं पाणी कोण देणार?"

तिनं वळून पाहिलं. चांगला उंचापुरा पोरगा, गालावर खळी... अन् वरून हसतोय!

"लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा कुणी शहर सोडून पळालं का?" ती फणकारली.

"हाव, पण मंगळापर्यंत रूळ न्हाईत ना..."

आगाऊ कुठला! पण लातूर येईपर्यंत तिला पुढचं एक वाक्य आठवेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांनी नांदेडच्या वादविवाद स्पर्धेसाठी जोडी जाहीर केली, अन् घ्या! तिचा जोडीदार तोच निघाला – रेवणसिद्ध. या स्पर्धेची रीतच न्यारी. एकाच कॉलेजचे दोघं; एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात, अन् चषक मात्र दोघांच्या गुणांच्या बेरजेवर. भांडायचं एकमेकांशी, जिंकायचं मिळून. संसारच की हो हा!

मग रोज कँटीनमागच्या कडुनिंबाखाली तालीम सुरू झाली.

"उद्या एखादी उल्का आदळली तर?" ती हात नाचवायची. "सगळी माणसं एकाच घरात असली की सगळीच जाणार. दुसरं घर पाहिजेच!"

"भूकंपानंतर आमचं अख्खं गाव नव्या जागी बसवलं," तो म्हणायचा. "पक्की घरं, रुंद रस्ते. तरी आमचे आबा अजून जुन्या गावाकडं तोंड करून बसतात. माणूस म्हणजे उपटून लावायचं रोप न्हाई, शिवकांता..."

तिचं नाव घेताना त्याचा आवाज असा काही हळू व्हायचा की ती उल्का सोडून त्याच्या खळीकडंच बघत बसायची.

तिला तो लई आवडायला लागला होता. पण पोटात एक गोष्ट होती. बेंगळुरूला एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता, जुलैत निघायचं होतं. गाव सोडून जाणं याला एवढं खुपतं – हा आपल्यालाही 'जाऊ नको' म्हणाला तर? ती थांबणार नव्हतीच. पण मग याला कायमचं गमवावं लागलं असतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिनं सांगून टाकलं. तो एवढंच म्हणाला, "कधी?" आणि दुसऱ्या दिवशी नांदेडच्या गाडीत तिच्यापासून लांब, पार पुढच्या सीटवर जाऊन बसला. तिला रडूच यायचं बाकी होतं.

नांदेडच्या सभागृहात तिचं भाषण झकास झालं. मग तो उठला.

"अध्यक्ष महोदय, मी या विषयाच्या विरोधात..." तो थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. "विरोधात बोलायला आलो होतो. पण ज्याला नवी जमीन बघायचीय, त्याला धरून ठेवणं ही काय माया न्हाई. जाऊ द्यावं त्याला. मागं राहणाऱ्यानं हसून निरोप द्यावा, अन्... जमलं तर मागोमाग जावं."

सभागृहात हशा पिकला. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. चषक गेला तो गेलाच.

बाहेर पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलं. "अरे येड्या, काय बोललास हे? तुला विरोधात बोलायचं होतं! सर फाडून खातील आता."

"खाऊ दे." तो बुटाकडं बघत राहिला. "समोर तू बसलेली... खोटं-खोटं बी तुला 'जाऊ नको' म्हणवलं न्हाई गं."

शिवकांताचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, अन् हसूही आवरेना.

"मग खरं-खरं काय म्हणणं आहे तुझं?"

"खरं म्हणजे... तू लई आवडतीस मला. जा तू. मी येत जाईन महिन्याला एकदा. तिकडं नोकरी लागली तर राहीन बी."

"महिन्याला न्हाई," ती म्हणाली. "पंधरा दिवसाला."

तेवढ्यात सर तावातावानं पायऱ्या उतरत आले. शिवकांतानं त्यांच्यादेखत रेवणसिद्धचा हात धरला, अन् ते समोर येऊन उभे राहिले तरी सोडला नाही.