उडीचा उरलेला अर्धा

बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या ऑफिसात कॅप्टनला सल्लागार म्हणून घेतलं होतं. कॅप्टनच्या मते, बॉल गोल असतो यापलीकडे तिथल्या एकालाही काही ठाऊक नव्हतं. सगळी खुर्चीत बसून वाढलेली मंडळी! चाळीस जणांचे एकेक जंप शॉट रेकॉर्ड करायचे, त्यातला सर्वांत चांगला निवडून गेमच्या मुख्य खेळाडूला द्यायचा, एवढंच काम; त्यावर यांच्या आठवड्याला तीन मीटिंगा. चाळिसावा शॉट कॅप्टनने स्वतःचा ठेवला होता. गुडघा जाऊन खेळ सुटल्यापासून सात वर्षं त्याला कुत्रं विचारत नव्हतं. हा शॉट निवडला गेला तर लाखो लोकांच्या हातांत तो पुन्हा खेळणार होता. ही आशा त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

एका सकाळी तो घट्ट काळा सूट चढवून हॉलमध्ये उभा राहिला. सुटावर बटणाएवढे पांढरे ठिपके होते आणि भिंतींवरचे कॅमेरे तेवढेच टिपत होते. त्याने उडी मारली. बॉल जाळीत गेला, खाली टेकताना गुडघ्यातली कळ मस्तकात गेली. रेकॉर्डिंगच्या बाईंनी फाइल उघडली, मग चष्मा काढून पुसला.

"कॅप्टन, तुम्ही यात उतरतच नाही," त्या म्हणाल्या.

पडद्यावरचा ठिपक्यांचा माणूस वर जाऊन थांबला होता. फाइल तिथेच संपत होती. कॅप्टनने आधी कॅमेऱ्यांचा आणि मग बाईंच्या शिक्षणाचा उद्धार केला. आणखी सहा उड्या मारल्या. सहाही वेळा तेच. बाकीच्या एकोणचाळीस जणांचं उतरणं मात्र व्यवस्थित आलेलं. शेवटी बाईंनी स्वतःच सूट घातला, एक उडी मारली आणि आपलं उतरणं त्याच्या शॉटला जोडून दिलं. डावा पाय आधी, मग उजवा, मग मागे एक बारीक पाऊल. बदकासारखं, असा शेरा कॅप्टनने मारला. पण पाय बघतंय कोण?

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्याने हॉलमध्ये सहज एक शॉट मारला. गुडघा दुखला नाही. आधी डावा पाय टेकला, मग उजवा आणि मग आपोआप एक बारीक पाऊल मागे पडलं. त्याने पुन्हा उडी मारली. पुन्हा तसंच. कुणी बघितलं नाही ना, म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं आणि मग मनसोक्त वीसेक उड्या मारल्या. परतताना बाई जिन्यात बसलेल्या दिसल्या. त्या गुडघा चोळत होत्या. आत्ताच सुरू झालंय, कळ थेट डोक्यात जाते, असं त्या म्हणाल्या. चालत जा घरी, बसून बसून गंजलाय, असा सल्ला देऊन कॅप्टन शीळ घालत वर गेला.

सोमवारी निकाल लागला. खेळून बघणाऱ्यांनी एकमुखाने चाळिसावा शॉट निवडला होता. बाई लंगडत त्याच्या टेबलापाशी आल्या. गेममध्ये त्याच्या नावाशेजारी आपलंही नाव यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"उडी माझी आहे, बाई. खाली काय, पोतंही येतं."

"मग माझं मी काढून घेते."

"खुशाल घ्या. दुसऱ्या कुणाचं तरी लावा. त्याला काय अक्कल लागते?"

बाई बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. मग जाऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्याच्या शॉटची फाइल उघडली.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. तो शॉट होऊन जाऊ दे एकदा सगळ्यांसमोर, म्हणाले. कॅप्टनने बॉल घेतला. या गर्दीला शॉट दाखवणं म्हणजे गाढवापुढे गीता, पण आज त्याला तेही गोड लागत होतं.

दारातून बाई आत आल्या. ताठ चालत. लंगडणं नव्हतं.

कॅप्टनने उडी मारली.

बॉल जाळीतून पडला, दोन टप्पे खाऊन भिंतीला जाऊन लागला आणि थांबला.

टाळ्या वाजल्या. मग विरळ झाल्या.

गुडघा अजिबात दुखत नव्हता.

खाली साहेबांच्या डोक्याच्या मधोमध टक्कल पडायला लागलं होतं. कॅप्टनला ते आजवर कधी दिसलं नव्हतं, कारण साहेब त्याच्यापेक्षा उंच होते.