कॅसेटीत उरलेली पाठवणी

राहीबाईने गावदेवीला नवस बोलला होता, तोही अगदी बारका. ‘माझी हौसा येकदा चालताना दिसू दे. खण-नारळ घेऊन अनवाणी येईन. दुसरं काय न्हाय मागत.’

ही गोष्ट कासमचाचा सांगतात. नारपोलीत त्यांचं व्हिडिओ सेंटर होतं आणि वळ गावच्या राहीबाईला ते चांगले ओळखत. रात्री पोरं भोवती जमली की सांगतात, पण आधी दाराला कडी लावून घेतात.

राहीबाईची हौसा लग्नाला वर्ष व्हायच्या आत विहिरीत गेली. ‘पाणी भरताना पाय घसरला,’ जावई विठू म्हणाला. सगळ्यांनी तेच धरलं. पण हौसाची कळशी घरात मांडणीवर पालथी होती. कोरडी. ती फक्त राहीबाईने पाहिली. पुढे विठूचं दुसरं लग्नही ठरलं.

हौसाच्या लग्नाची कॅसेट मात्र त्याच्याकडेच राहिली होती. एकोणीसशे नव्वद साल, पौष अमावस्या, शुक्रवार. कापडाच्या लूमला सुट्टी, म्हणून नारपोली गप्प. राहीबाई कॅसेट मागायला टेमघरला विठूच्या घरी गेली. शेजारीण म्हणाली, ‘ती घेऊनच तो कासमभाईकडं गेलाय.’ राहीबाई तशीच सेंटरवर आली.

बाकीचं गिऱ्हाईक उठून गेलं होतं. विठू एकटाच पहिल्या बाकावर पाय पसरून बसला होता.

‘लग्न कुठलं आता, आई? त्याच्यावर पिक्चर भरला मी. तो मुखवटेवाला इंग्लिश, पार्ट टू. भरला तेव्हा बघितला होता, आता परत बघतोय. बसा, तुम्हीपण बघा.’

कासमने राहीबाईला बाजूला नेलं. ‘राहीबाय, पिक्चर दीड तासाचा, कॅसेट तीन तासांची. पिक्चरच्या मागं लग्न उरलं असेल. बसून राहा.’

ती बसली. टीव्हीवर मुखवटेवाला एकेका पोराला गाठून कापत होता. कोंबडी कापतानाही तोंड फिरवणारी बाई ती, पदरात तोंड घालून पुटपुटत होती, ‘लवकर मार रे बाबा सगल्यांना. माझी पोर मागं खोळंबलीय.’

पिक्चर संपला. टीव्हीवर मुंग्या आल्या. विठू कॅसेट काढायला उठला.

‘राहू दे जरा,’ कासम म्हणाला.

मुंग्या सरल्या. पाठवणी दिसली. हिरवा चुडा. हौसा. फुलं लावलेल्या गाडीकडे चालत होती.

राहीबाईने हात जोडले.

हौसा गाडीपाशी थांबली. वळली. आईकडे नाही... पहिल्या बाकाकडे.

‘हे असं नव्हतं,’ विठू म्हणाला. ‘बंद कर.’

कासमने बटण दाबलं. चित्र तसंच. वायर उपटली.

चित्र तसंच...

हौसाने गाडीचं दार उघडलं. हात पुढे केला. नव्या नवरीने नवऱ्याला बोलवावं तसा. लाजून.



विठू चालायला लागला. चपला तिथेच. दाराबाहेर... अंधारात... राहीबाईने हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मिटलं.

सकाळी विठू त्याच विहिरीत सापडला.

राहीबाईने नवस फेडला. कॅसेट तिच्या हाती देण्याआधी कासमने एकदा लावून पाहिली. पाठवणी पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. आई रडते, हौसा गाडीत बसते, गाडी निघते. फक्त हौसाच्या शेजारची नवऱ्याची जागा रिकामी होती. आणि त्या सीटवरून पाणी निथळत होतं.

इथे कासमचाचा थांबतात. मग हळूच म्हणतात, ‘कुणावर असा प्रसंग आलाच, बाबांनो, तर देवीकडे जा, दर्ग्यात जा, पण राहीबायसारखंच मागा. सूड मागू नका. गेलेलं माणूस नुसतं दिसू दे म्हणा. पुढचं ते माणूस बघतं.’