घळीतला नेचा

घळीतला नेचा आणायचा, एवढ्याचसाठी तिने ही मोहीम काढली होती. साधासुधा नेचा नव्हे! दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने तिथून त्याची एकच जुडी आणली होती. तिने प्रयोगशाळेत त्या पानांचा अर्क काढला, आणि काचेच्या बशीतल्या रोगट रक्तपेशी पटापट मेल्या. जुडी संपली. पुढच्या चाचण्या अडल्या. मग एका सकाळी नवरा चालताबोलता गेला. तेव्हापासून ती कामावर जात होती, जेवत होती, झोपत होती. पण सगळं जाड हातमोजे घालून केल्यासारखं. रडूही आलं नव्हतं. "धीराची आहे हो," लोक म्हणत. ती ऐकून घेई.

बरोबर दीर होता. शाळेत खेळ शिकवायचा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवायचा. तिसरा रबरी होडीचा नावाडी. घाऱ्या डोळ्यांमुळे त्याला सगळे बोका म्हणत. बेत सरळ होता. वरच्या तळ्यात होडी उतरवायची, प्रवाहाबरोबर घळीतून खाली यायचं, वाटेत नेचा भरून घ्यायचा आणि पुलापाशी बाहेर पडायचं. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. मागे फिरायची सोय नाही.

"दादा इथून एकटा गेला होता?" दिराने विचारलं.

"हो."

"आणि आईला सांगितलं, चर्चासत्राला चाललोय! चर्चा कुणाशी, माशांशी?"

बोका खो खो हसला. तिने फक्त होडीची दोरी घट्ट धरली.

पहिल्याच वळणावर पाणी उसळलं. "डावीकडे! वल्हं मारा!" बोका ओरडला. होडी उभी राहिली. पडली. गरकन फिरली! दिराची टोपी गेली, तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. कडा अंगावर येताना तिला स्पष्ट दिसला, आणि मनात एवढंच आलं की दगड ओला आहे. बोक्याने वल्हं रोवून होडी वाचवली. दीर कापत होता. आपण का कापत नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

दुपारी नेच्याची जागा सापडली. कड्याच्या पोटातून एक झरा येत होता आणि त्याच्या दोन्ही काठांना, ओल जिथवर पोचली होती तिथवर, कमरेइतका उंच नेचा दाटला होता. वरून तिरपं ऊन येऊन एकेक पान उजळत होतं, आणि एवढ्या हिरवळीत पाण्याच्या खळखळीखेरीज कसलाही आवाज नव्हता. तिघांनी झपाट्याने दोन पोती भरली. पुढे निघण्याआधी ती झऱ्याशी बसली आणि नेहमीच्या सवयीने दगड उलटून पाहू लागली. खाली किडा नाही. बेडकाचं पिल्लू नाही. साधं शेवाळसुद्धा नाही!

तिने झऱ्याचं पाणी बाटलीत घेतलं, सोबतच्या संचातली विष तपासायची पूड टाकली, झाकणात पांढरी पट्टी अडकवली. पट्टी पिवळी झाली. मग गडद तपकिरी!

"सोमल. आर्सेनिक," ती म्हणाली. "कड्यावर जुनी खाण आहे, तिथूनच झिरपत असणार. या पाण्याला कुणी तोंड लावू नका."

दिराने हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

"भावोजी?"

"मघाशीच बाटलीभर प्यायलो. आरशासारखं स्वच्छ होतं हो, वहिनी!"

बोलता बोलताच तो वाकला आणि भडाभडा ओकला.

आता पुलाशिवाय गत नव्हती. त्याला होडीत निजवून ते सुटले. पाणी वेडंवाकडं धावत होतं. दीर पोट धरून कण्हत होता, ती त्याला घरून आणलेलं चांगलं पाणी घोट घोट पाजत होती. आणि धाड! पाण्याखालच्या खडकाने होडीचा एक कप्पा फाडला. हवा फुस्स करून निघाली. बोक्याने कशीबशी होडी एका खडकाला लावली.

"मॅडम, तीन माणसं आणि दोन पोती झेपणार नाहीत. पुढची उडी मोठी आहे."

"पोती उतरवा."

"नको!" दिराने पोत्याचा कोपरा पकडला. "दादाचं काम आहे ते. मी थांबतो इथे, मला न्यायला नंतर या."

नेच्याने सोमल शोषला असेल, आणि बशीतल्या पेशी त्यानेच मेल्या असतील का? तसं असलं, तरी पानात दुसरं काही गुणकारी नसेलच असं कशावरून? तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की हा माणूस संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. तिने त्याची बोटं सोडवली. एक पिशवीभर पानं तपासणीला घेतली, पोती खडकावर उंच ओढून ठेवली.

"चला!"

होडी उडीवरून सुटली. पाणी डोक्यावरून गेलं. तिचा एक हात दोरीला, एक दिराच्या पट्ट्याला. सोडला नाही! डोळे उघडले तेव्हा समोर पूल होता, आणि बोका जिवाच्या आकांताने माणसांना हाका मारत होता.

दवाखान्यात दिराची तब्येत हळूहळू सुधारली. तिने कळवल्यावर पुलाखालच्या गावाने नदीवरचा पंप बंद केला आणि विहिरीवर भागवायला सुरुवात केली. पानांचा अहवाल आला तेव्हा ती दिराच्या खाटेशी येऊन बसली.

"पानांत सोमलच सोमल आहे. तो काढून टाकला की अर्काला काही गुण उरत नाही. आणि सोमलाने चांगल्या पेशीही तेवढ्याच मरतात."

"म्हणजे दादा चुकला?"

"चुकला," ती म्हणाली. नवऱ्याबद्दल इतकं साधं वाक्य ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. "मीही चुकले. पण तो असता तर दोन दिवस माझ्याशी भांडला असता."

"दोन? मला लहानपणी एका पतंगावरून आठवडाभर छळलंय त्याने!" दीर उशीवर डोकं टेकत म्हणाला. "बरं, आईला काय सांगितलंत? मी कुठे आहे म्हणून?"

"चर्चासत्राला."

तो हसला. तीही हसली. हसू थांबेना. आणि हसता हसताच ती ओक्साबोक्शी रडू लागली, खाटेची कड दोन्ही हातांनी धरून. आवाज ऐकून नर्स धावत आली, आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत दारातच थबकली.

"अहो, इथे पेशंट नक्की कोण आहे?"

"आज त्या," दीर म्हणाला. "रडू द्या त्यांना. फक्त दार तेवढं लोटून घ्या."