पदराचं निशाण

गोफणीतला दगड भोरड्यांच्या थव्यावर जायचा, तो गेला थेट गाडीवाटेवर, आणि तिथून निघालेल्या शिपायाची टोपी धुरळ्यात पडली. राखणीच्या माळ्यावर उभ्या असलेल्या कुशीनं जीभ चावली.

शिपाई टोपी झटकत ज्वारीतून आला. "नेम झ्याक हाय की! डोस्कं थोडक्यात वाचलं."

"नेम तुमच्यावर नव्हता… वाऱ्यानं दगड नेला."

"आमी बी पलटणीत हेच सांगतो," तो हसला. "नेम चुकला, की घ्या वाऱ्याचं नाव!"

हा महिपती. कळसच्या सर्जेराव आबांचा लेक, बेळगावच्या पलटणीतून रजेवर आलेला आणि पळसदेवला मावशीकडे उतरलेला. त्या दिवसापासून मावशीचं प्रत्येक काम त्याला याच वाटेनं न्यायला लागलं. कुशीला सारं कळत होतं. आई गेल्यावर धाकट्या भावंडांचं करता करता तिला एकोणिसावं लागलं होतं. गाव तिला घोडनवरी म्हणायचं. पण कुणाच्या पावलांची अशी वाट बघावी लागते, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. तो आला नाही, तर भाकरी घशाखाली उतरायची नाही.

शेवटी महिपतीनं मावशीकडून मागणी घातली. कुशीचे वडील, सोपानतात्या, फटकन म्हणाले, "पलटणीतला माणूस आज हितं, तर उद्या परमुलखात. जत्रा झाली की बावड्याची मानसं पोरीला बघायला येनार हायेत." मग मिशीत हसले. "लई शिपाई हाय, तर जत्रंतला नारळ फोडून दाखव म्हनावं. मग बघू."

गावची ती जुनी रीत होती. जत्रेच्या दुपारी ओढ्यापलीकडच्या चिंचेला नारळ टांगायचा आणि अलीकडून पाटलांच्या बंदुकीनं ज्याचा त्यानं एकच बार टाकायचा. कित्येक वर्षांत तो नारळ कुणाला फुटला नव्हता.

"का फुटत नसंल वं?" कुशीनं वाटेवर आलेल्या महिपतीला विचारलं.

"ओढ्याची वाळू तापली, की नारळ हाय त्यापरीस वर दिसतो. ते मी जमवीन, जरा खाली धरीन. पर वारं… अलीकडं पान हालत न्हाय, आन चिंचंपाशी सुसाट. पलटणीत तितं निशाणं लावत्यात. निशाण फडफडलं, की नेम बाजूला सरकवायचा. हितं निशाण कोन लावनार?"

"मी हाय की," कुशी पटकन बोलून गेली. तिचा माळा चिंचेच्या बगलेलाच होता. "माळ्यावर हुबी ऱ्हाईन. माझा पदर बघा."

"नुसता पदरच बघायचा?"

"बार टाकस्तवर… व्हय!" ती म्हणाली आणि उगाच भोरड्या हाकलायला लागली. भोरड्या नव्हत्याच.

जत्रेच्या दुपारी वारं पिसाळलं होतं. कुशीचा पदर नुसता फडफडत होता. समोरच्या काठाला महिपती वाळूवर पालथा पडला आणि त्यानं बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात माळ्याखाली एक पांढऱ्या पटक्याचा म्हातारा येऊन उभा राहिला.

"पोरी, मी सर्जेराव. महिपतीचा बा. हितनं नारळ दिसंल न्हवं?"

कुशीचा हात आपसूक वर गेला. पदर डोक्यावर आला, त्याचं टोक दातात गेलं, मान खाली झाली.

बार झाला. नारळ मजेत झोके घेत होता.

"हात्तिच्या!" अख्खी जत्रा ओरडली. आपण काय करून बसलो, ते कुशीला आता उमगलं.

महिपती वाळू तुडवत आला. मागोमाग हसत तात्याही आले.

"कुशे, पदर हालला न्हाय… मी म्हनलं, वारं पडलं."

"हालनार कसा? दातात धरला हुता…"

"ऐन वख्ताला? का गं?"

"तुमचं आबा म्होरं आलं…" तिनं पदर आणखी पुढं ओढला. डोळे भरून आले होते.

लग्नाआधी पळसदेवची कुठली पोर डोक्यावर पदर घेत नाही. तो घ्यायचा सासऱ्यापुढं.

सर्जेराव आबा पुढं झाले. "तात्या, नारळ काय, बाजारात ढिगानं मिळत्यात. ह्या पोरीनं मला सासरा करून टाकलं. आता तिला बावड्याला धाडाल, तर तिचं मन हितंच ऱ्हाईल. बघा बुवा."

तात्यांनी लेकीकडं पाहिलं. ती अजून मान खाली घालूनच उभी होती. त्यांच्या मिशीतलं हसू कुठल्या कुठं गेलं. "आईवानीच हाय," ते पुटपुटले. "बोलत न्हाय, करून मोकळी हुती." मग महिपतीकडं वळले. "फुडल्या रजंला बार उडवू. लग्नाचा."

पण रजा दुसऱ्याच दिवशी संपत होती, आणि पुढची मिळायला वर्ष तरी लागणार होतं. सकाळी महिपती वाटेवर थांबला. हसावं की रडावं, कुशीला कळत नव्हतं. त्यानं जाऊच नये, असं तिला फार वाटत होतं.

"ऱ्हाशील न्हवं वरीसभर?"

"ऱ्हाईन… पर सायबाला लवकर रजा मागा. घरी कोन वाट बघतंय म्हनावं."

"कोन म्हनून सांगू?"

तिनं एकदाच त्याच्याकडं डोळे भरून बघितलं.

"कुटुंब म्हनून सांगा," ती म्हणाली आणि ज्वारीत पळाली.